भ्यालेल्या कुत्र्यांची ठमाबाई

आक्षीच्या कोळीवाड्यात ठमाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, पण तिच्या मांडीवर न्हायलं नाही असं मूलही त्या वाड्यात सापडलं नसतं. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, जुन्या लुगड्याचा पट्टा करून तिचं पोट बांधायचं, बाळाला तेल लावायचं, धुरी द्यायची आणि दुपट्यात आवळून निजवायचं, हे तिचं काम. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती नागावपर्यंत फिरायची. पाटी रिकामी झाली की कुणाच्या तरी न्हाणीत शिरायची.

तिचा नवरा काळूराम होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. बोलणं अगदी बेताचं. दुसरी बायको कर म्हणून त्याच्या आईने पुष्कळ सांगून पाहिलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आई बोलायला लागली की जाळी दुरुस्त करायला घ्यायचा. म्हातारी गेली आणि तो विषय तिच्याबरोबर गेला.

नागावात रस्त्याच्या कडेला इसाजी थळकराचं घर आणि तेलाचा घाणा होता. हे लोक इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणत. इसाजीची बायको मिर्याम ठमाच्याच वयाची होती. त्यांच्या धर्मात खवल्यांचीच मासळी चालते. कोळंबी, शिंगाळा, मुशी काही चालत नाही. म्हणून ठमा तिच्यासाठी बोय आणि रावस पाटीत वेगळे, पानाखाली झाकून आणायची. इतर बायका दारात उभ्या राहून भाव करायच्या. मिर्याम ठमाला ओटीवर बसवून आधी पाणी द्यायची. शनिवारी त्यांच्यात चूल पेटवत नाहीत, तर ठमा येता-जाता पेटवून द्यायची. मलिद्याचा, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाचा दिवस असला की केळीच्या पानावर गूळ-पोहे आणि खोबरं ठमाच्या घरी पोचायचं. अशी त्यांची मैत्री वाढली. दोघींपैकी कुणी तिला मैत्री म्हटलं नसेल. ठमा नुसती म्हणायची, "जरा मिर्यामकडे जाते."

मिर्यामची दोन मुलं जन्मतःच गेली होती. तिसरी मुलगी जगली, तिचं नाव दीना. ही पोर फार दचकायची. घाण्याचं लाकूड करकरलं तरी दोन्ही हात हवेत फेकून किंचाळायची. मिर्याम घाबरून गेली. ठमाने पोरीचे हात छातीशी धरले, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानाच्या पाळीला तेलाचं बोट लावून हळूहळू चोळत राहिली. पोर निजली. ठमा ते गाठोडं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. घरी काळूराम वाट बघत असेल हे तिला ठाऊक होतं, तरी उठवेना.

त्याच घरात तांबू होता. तांबडट रंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. पिल्लू असताना घाण्याच्या बैलामागून गोल गोल फिरायचा, आणि मोठा झाल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. दीना चालायला शिकली ती त्याची शेपटी धरून.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत इस्रायली लोकांत निराळंच बोलणं सुरू झालं. त्यांचा देश झाला होता. प्रार्थनेत ज्या गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतलं, तिथे आता खरोखर जाता येणार होतं. इसाजीचा मुंबईतला भाऊ पुढे गेला. मग इसाजीने बैल विकला, घाणा विकला. मिर्याम मासळी निवडता निवडता ठमाला म्हणाली, "आमचं ठरलं." ठमाने विचारलं, किती लांब? मिर्यामला सांगता आलं नाही. मुंबईच्या पुढे, समुद्राच्या पलीकडे, एवढंच. ठमाला समुद्राच्या पलीकडे काही असतं हेच मुळात पटत नव्हतं. काळूराम रोज तिकडे जायचा आणि तिकडून परतच यायचा.

पन्नास सालच्या थंडीत ते निघाले. रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचला जोडून जाणारी सकाळची मोटार होती. सामान टपावर चढलं. मिर्यामने तांबूच्या गळ्यातला दोर ठमाच्या हातात दिला आणि एक जुनं किरमिजी लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं. पेटीत मावत नाही म्हणाली. पेटी अर्धी रिकामी होती, ते ठमाने स्वतः बघितलं होतं.

"दोन वर्षांनी येऊ," मिर्याम म्हणाली. "तोवर ह्याला सांभाळ गो."

ठमाने मान हलवली. दीना खिडकीतून तांबूला हाका मारत होती. मोटारीने भोंगा दिला आणि गाडी हलली, तसा तांबूने असा हिसका मारला की दोर ठमाच्या तळहाताची साल काढत निसटला. तो मोटारीमागून धावत सुटला. लोकांनी सांगितलं की अलिबागच्या अलीकडच्या खाडीपर्यंत तो गेला, तिथे रस्त्यात बसला आणि मोटार दिसेनाशी झाल्यावरही बसूनच राहिला. संध्याकाळी काळूराम जाऊन त्याला खांद्यावर टाकून घेऊन आला, ओलं जाळं आणावं तसा.

तांबू खाईना. दोर सोडला की नागावला जायचा, कुलूप लावलेल्या दारापुढे पडून राहायचा. तेही ठमाला समजण्यासारखं होतं. मासळी विकताना त्या दारावरून जायला तिचेही पाय अडखळायचे. पण मोटारीच्या भोंग्याचं काय करावं ते तिला कळेना. भोंगा ऐकला की त्याच्या अंगाला कापरं सुटायचं, तोंडातून लाळ गळायची आणि तो मोटारीखाली शिरायला धावायचा. चाकं बघायचा नाही, माणसं बघायचा नाही.

एक दिवस तो खरोखरच मोटारीखाली शिरला. काळूरामच्या होडीवरचा खलाशी सदा तिथे उभा होता. त्याने पाय धरून तांबूला बाहेर ओढला. तांबूने वळून त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

गावात एकच गलका झाला. लाळ गळतेय, अन्न टाकलंय, माणसाला चावलाय, म्हणजे कुत्रा पिसाळलाच. सदाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि त्याची बायको नलू दिवसांत होती. तिने हंबरडा फोडला. लोक काठ्या घेऊन ठमाच्या दारात आले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पिसाळलेल्या कुत्र्याने आधी एकदा वाड्यातली दोन माणसं नेली होती आणि ते मरण सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

काळूराम दारात उभा राहिला. त्याने कुणाला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. तो म्हणाला, आधी सदाला अलिबागला डॉक्टरकडे नेऊ, मग कुत्र्याचं बघू. तांडेलाचा शब्द म्हणून लोक थांबले. डॉक्टरांनी सदाच्या पोटात सुया टोचायला सुरुवात केली आणि बजावलं की कुत्र्याला मारू नका, बांधून ठेवा. पिसाळलेला असेल तर थोड्याच दिवसांत मरेल. जगला, खाऊपिऊ लागला, तर सदाला भीती नाही.

आता सदाचा जीव त्या कुत्र्याच्या जीवाला बांधला गेला. तो रोज सकाळी ठमाच्या अंगणात येऊन लांब बसायचा आणि पडवीच्या खांबाला बांधलेल्या तांबूकडे टक लावून बघायचा. समोर तांबू, इकडे सदा. दोघांच्याही पोटात अन्न नव्हतं. बांधल्यामुळे तांबू आणखीच बिथरला होता. रस्त्यावर भोंगा वाजला की दोर गळ्यात रुतेपर्यंत उड्या मारायचा, मग धापा टाकत पडायचा. खाल्लं नाही तर तो उपासानेच मरेल, आणि तो मेला की सदा भीतीने मरेल, हे ठमाला स्पष्ट दिसत होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला आणि तांबू थरथरायला लागला, तेव्हा ठमा पडवीत जाऊन त्याच्या शेजारी बसली. काळूरामने तिला आधी बजावलं होतं की जवळ जाऊ नको. ती समोरून गेली नाही. बाजूला पाठ करून बसली, जणू तिला कुत्र्याशी काही कामच नव्हतं. बराच वेळ तशीच राहिली. मग हाताची उलटी बाजू त्याच्या कुशीला लागेल न लागेल अशी टेकवली. त्याचं कापरं तिच्या हातात आलं. तिला ते ओळखीचं वाटलं. दीना अशीच कापायची.

ती उठली, घरातून मिर्यामचं लुगडं आणलं आणि त्याचा काठाकडचा एक लांब पट्टा फाडला. फाडताना तिला वाईट वाटलं, पण त्या कापडाला अजून मिर्यामच्या घराचा, तेलाच्या पेंडीचा वास होता, आणि तांबूने तो वास येताच पहिल्यांदा मान वर केली. ठमाने पट्ट्याचा मध्य त्याच्या छातीवर ठेवला. दोन्ही टोकं खांद्यांवरून वर नेऊन पाठीवर एकमेकांवरून घेतली, पोटाखालून फिरवली आणि परत वर आणून कुशीच्या बाजूला गाठ मारली. कण्यावर गाठ नको, बाळंतिणीलाही ती टोचते. आत दोन बोटं सहज जातील इतपत आवळलं. मग मोडलेल्या कानाच्या मुळापासून टोकापर्यंत ती अंगठ्याने हळूहळू निरपत राहिली. एक कान, मग दुसरा. 

सदा अंगणात उभा राहून बघत होता. तांबूची धाप हळूहळू कमी झाली. त्याने मोठा सुस्कारा सोडला, माणसासारखा, आणि मान तिच्या मांडीवर टाकली.

"मेला काय?" सदाने विचारलं. 

"न्हाय रे," ठमा म्हणाली. "निजला."

संध्याकाळी तांबूने मूठभर भात आणि बोंबलाचं पाणी खाल्लं. सदा ते बघायला इतका जवळ आला की त्याच्या गुडघ्याला कुत्र्याचं नाक लागलं, आणि मग तो वाटेतच खाली बसून रडला. नलूने त्याला घरी नेलं. पुढे सुया थांबल्या, नलूला मुलगा झाला, त्याला पहिली अंघोळ ठमानेच घातली.

त्यानंतर ठमा मोटारीच्या वेळेला तांबूला पट्टा बांधून स्वतः रस्त्यावर घेऊन जायची. आधी लांब, चिंचेखाली. मग थोडं जवळ. भोंगा वाजायचा, त्याचे कान ताठ व्हायचे, ती बोटांनी त्याच्या खांद्यावर लहान लहान गोल काढत राहायची. मोटारीतून माणसं उतरायची. दोघेही एकेका माणसाकडे बघायचे. सगळी उतरली की परत फिरायचे. लोकांना वाटायचं, ठमाबाई कुत्र्याला वळण लावतेय. ते खरंच होतं. पण ती स्वतःही उतरणारी माणसं मोजत होती, हे काळूराम सोडून कुणाला कळलं नसेल.  कधी होडी लवकर लागली तर तोही चिंचेखाली येऊन बिडी ओढत उभा राहायचा.

दुसरं कुत्रं सदानेच आणलं. दिवाळीच्या फटाक्यांनी खुळावलेलं, चुलीच्या मागे शिरून बसलेलं. मग नागावच्या गोदावरीकाकूंनी निरोप पाठवला. त्यांची नारळ-सुपारीची मोठी वाडी होती. वानर हाकायला बंदुकीचा बार काढायचे आणि बाराच्या आवाजाने त्यांची कुत्री विहिरीच्या कठड्यावरून उडी टाकायला बघायची. काकू सोवळ्यातल्या, पण त्यांनी स्वतः ठमाजवळ बसून पट्टा कसा घ्यायचा ते शिकून घेतलं, आणि पुढे बार काढायच्या आधी त्या कुत्रीला बांधून मागच्या खोलीत घेऊन बसायला लागल्या. शिमग्याच्या ढोलांना भिणारी, पावसाच्या गडगडाटाला भिणारी, मार खाऊन माणसाच्या सावलीला भिणारी, अशी कुत्री ठमाच्या अंगणात येऊ लागली. काही जण हसायचे. माणसं सोडली आणि कुत्र्यांची बाळंतपणं करायला लागली, म्हणायचे. पण शिमगा जवळ आला की तेच आपलं कुत्रं घेऊन हजर.

सगळी कुत्री सुधारली असं नाही. चौलकडचं एक मोठं काळं कुत्रं होतं, त्याने तिला हात लावूच दिला नाही. ती दिवसच्या दिवस त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून मासळी साफ करत राहिली. शेवटी ते एका पहाटे दोर तोडून गेलं ते गेलंच. ठमा त्याच्याबद्दल बरीच वर्षं बोलायची. म्हणायची, घाई माझीच झाली असेल.

मिर्यामने सांगितलेली दोन वर्षं सरली. त्याच सुमाराला कानावर आलं की तिकडे गेलेली काही माणसं परत आली आहेत. तिथे त्यांचं जमलं नाही, आम्हांला परत पाठवा म्हणून धरणं धरून ती परतली. त्यातली एक बाई अलिबागला भावाकडे उतरली होती. ठमाने त्या दिवशी पाटी उचलली नाही. तांबूला घेऊन ती चालत अलिबागला गेली.

ती बाई अंगणात पापड वाळत घालत होती. तिचं लुगडं नेसणं, डोक्यावर पदर घ्यायची पद्धत, चालणं, सगळं मिर्यामच्या घरच्या बायकांसारखं. तांबूने तिला पाठमोरी पाहिली आणि दोर ओढत धावला. असं केकाटत धावला की बाई दचकून वळली. तो तिच्या पायाशी जाऊन भिडला. पाय हुंगले, पदर हुंगला, हात हुंगले. मग त्याची शेपटी खाली गेली. तो वळून ठमाकडे आला आणि तिच्या पिंढरीला अंग टेकून उभा राहिला.

बाई भली होती. तिने ठमाला चहा दिला. मिर्याम थळकर तिला माहीत होती. एकाच छावणीत होत्या. वाळूचा मुलूख, पत्र्याच्या खोल्या, कामं अंगमेहनतीची. इसाजी रस्त्याच्या कामावर जातो, पोर शाळेत जाते, तिकडची भाषा फडाफडा बोलते. ठमाने विचारलं, ती यायचं म्हणते का? बाईने नाही म्हणून मान हलवली.

"आम्ही सगळ्या रडायचो, इकडच्या गोष्टी काढायचो. ओल्या नारळाचं नाव निघालं तरी रडू यायचं," ती म्हणाली. "मिर्याम कधी काही बोलली नाही. कोणी नागावचं नाव काढलं की उठून जायची. आम्हांला वाटायचं, हिला काहीच कसं वाटत नाही?"

ठमा परत येताना खाडीजवळ थांबली. तिने तांबूचा पट्टा सैल झाला होता तो नीट बांधला. त्याला त्या वेळी पट्ट्याची गरज नव्हती. तो शांत होता. पण तिचे हात थांबत नव्हते, ते कुठेतरी ठेवायला हवे होते.

घरी आल्यावर काळूरामने विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, बरी आहे. मग चुलीत लाकूड सारता सारता म्हणाली, "ती नावच काढत न्हाय आपल्या गावाचं."

काळूराम जाळ्याची गाठ ओढत म्हणाला, "वादळात होडी घालताना मी तुझं नाव काढतो काय? काढलं तर हात सुटतील माझे."

त्यांच्या सगळ्या संसारात तो इतकं लांब वाक्य क्वचितच बोलला असेल. ठमाने ते जन्मभर जपलं.

त्यानंतरही ती आणि तांबू मोटारीला जातच राहिले. आता मोटारी एस.टी.च्या झाल्या होत्या, भोंग्याचा आवाज बदलला होता. तांबू म्हातारा झाला, त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले. शेवटी शेवटी त्याला भोंगा ऐकूही येत नसे; ठमा उठली की तो उठायचा. एकसष्ट साली आषाढात तो पडवीतच गेला. काळूराम आणि सदाने त्याला केवड्याच्या बनाजवळ पुरलं. सदाच्या मनगटावर त्याच्या दातांची खूण अजून होती. माती लोटून झाल्यावर तो त्या खुणेवर अंगठा फिरवत कितीतरी वेळ उभा होता.

ठमाने दुसरं कुत्रं पाळलं नाही. लोकांची यायची ती पुष्कळ होती.

चौसष्ट सालच्या डिसेंबरात मिर्याम आली.

कुणी कळवलं नव्हतं. ठमा मासळी विकून परत येत होती, तर पडवीत एक बाई बसलेली. अंगात झगा, पायात बूट, केस आखूड कापलेले आणि पांढरे. ठमाने आधी ओळखलं नाही. मग त्या बाईने हात पुढे केला आणि ठमाने पाटी तशीच जमिनीवर टाकली.

मिर्याम नागावचं घर निकालात काढायला आली होती. इसाजी गेला होता, दीनाचं लग्न झालं होतं. दोघी पडवीत बसल्या. किती वर्षांचं बोलणं साठलेलं असेल असं ठमाला वाटलं होतं, पण बोलणं काही येईना. मिर्याम मराठी बोलताना मध्ये थांबायची, शब्द शोधायची. ठमाने बोय तळली. मिर्यामने खाल्ली, छान झालीय म्हणाली, आणि मग सांगायला लागली की तिकडे तिच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, या दिवसांत त्याला पाणी द्यावं लागतं, शेजारणीला सांगून आलेय पण ती विसरेल. दीनाच्या मुलाला दात येतायत. तिकडे आता थंडी पडली असेल.

दुसऱ्या दिवशी ठमा तिला केवड्याच्या बनाकडे घेऊन गेली. मिर्याम उकिडवी बसली आणि मातीवर हात ठेवला.  मग खांदे कापायला लागले. रडणं बाहेर येईना, नुसतं कापरं.  ठमा तिच्या मागे बसली, दोन्ही हातांनी तिला छातीपासून पाठीपर्यंत घट्ट कवळून धरलं आणि तशीच राहिली. मिर्यामचा श्वास मोठा झाला, मग लांब झाला.

"मी इथलं नाव काढत नव्हते," मिर्याम म्हणाली. "काढलं असतं तर राहिले नसते तिथे. आणि आता इथे आलेय, तर सकाळी उठल्यापासून ते लिंबाचं झाड दिसतंय मला. मी कुठली राहिले गो ठमा?"

 ठमाने मिर्यामचे आखूड केस कानामागे सारले. ज्या बाईची तिने चौदा वर्षं वाट बघितली, ती या बाईच्या आत कुठेतरी होती, थोडीशी. आणि बाकीची समुद्रापलीकडे एका झाडाला पाणी घालत होती. हे ठमाला कळलं, आणि तिला मिर्यामचा राग आला नाही. तिला तांबूचा हेवा वाटला. अलिबागच्या त्या अंगणात त्याने एकदाच हुंगून घेतलं होतं आणि परत फिरला होता.

मिर्याम आठवडाभर राहिली. घराचं काम झालं. जाताना तिने ठमालाही तिकडे ये म्हटलं आणि दोघी हसल्या, कारण ठमा कधी रेवसच्या पुढे गेली नव्हती. दोन वर्षांनी येते वगैरे मिर्याम काही म्हणाली नाही.  एस.टी. सुटली तेव्हा मिर्याम खिडकीतून बघत होती, आणि ठमा वळण येईपर्यंत हात वर करून उभी राहिली.

ती घराकडे वळली तेव्हा चंद्राबाई वाटेतच भेटली. ती आक्षीचीच, भाजीवाली. तिच्या घरामागे नवी विहीर खणत होते आणि सुरुंगाच्या आवाजाने तिची कुत्री सकाळपासून कणगीच्या मागे शिरून बसली होती, पिल्लांनाही पाजत नव्हती. चंद्राबाई तिला कधीची शोधत होती.

"आता येशील काय?" तिने विचारलं. ठमाचे डोळे बघून ती जरा थबकली. "न्हायतर उद्या ये."

"पिल्लं उद्यापर्यंत कशी ऱ्हातील?" ठमा म्हणाली.

ती गेली. घरात अंधारलेल्या कोपऱ्यात दोन डोळे चमकत होते आणि धाप ऐकू येत होती. ठमाने चंद्राबाईला जुनं लुगडं मागितलं, मऊ, धुऊन धुऊन विटलेलं. ती कणगीजवळ पाठ करून जमिनीवर बसली आणि लुगड्याचा पट्टा फाडायला घेतला. बाहेर विहिरीवरची माणसं पुढचा सुरुंग लावत होती. चंद्राबाई त्यांना जरा थांबा म्हणून सांगायला धावली.